रावेरची पाच प्रश्नचिन्हं

(रावेर इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या आठवणीसाठी चालते. कार्यकर्त्यांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, ‘अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हळूच विचारलं गेलं, ‘ताई, लोकांना कळेल असं सांगाल ना?’ तो प्रश्न मी लिहून ठेवला, कारण आज मला ज्याविषयी बोलायचं आहे ते हेच आहे. सॉफ्टवेअर लोकांना कळेल असं का नसतं, आणि ते तसं व्हावं म्हणून रावेरमधल्या माणसाने काय करायचं?

सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करू. ‘रावेर’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणक त्यात पाच खुणा मोजतो : र, काना, व, मात्रा आणि पुन्हा र. हा शब्द मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये साठवायचा आहे, असं समजा. डेटाबेस म्हणजे नोंदवह्यांचं कपाट. मायएसक्यूएल मुक्त स्रोत आहे, फुकट मिळतं, आणि जगातल्या असंख्य वेबसाइटी त्याच्या जिवावर चालतात. एप्रिल 2018 मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली. त्याआधी, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर नवी नोंदवही ‘लॅटिन-1’ या अक्षरसंचात उघडायची. पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती अक्षरं त्या संचात आहेत. आपला ‘र’ त्यात नाही, काना नाही, मात्रा नाही. ज्या खुणेला जागा नाही तिथे डेटाबेस एक प्रश्नचिन्ह टाकायचा. रावेरचं व्हायचं ‘?????’. यावलची चार प्रश्नचिन्हं, फैजपूरची सहा.

आणखी एक गोष्ट. याच नोंदी क्रमाने लावायला सांगितल्या, तर तो क्रम स्वीडिश वर्णमालेच्या नियमाने लागायचा. मायएसक्यूएल बनवणारी मूळ कंपनी स्वीडनची होती. त्यांनी आपल्या घरची सोय आपल्या घरात लावली होती, त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती सोय जगभर गेली, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बसून नोंदी करणाऱ्या माणसाला आपण स्वीडिश क्रमाने काम करतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

यातलं मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच आहे. प्रश्नचिन्हं टाकून झाल्यावर डेटाबेस ‘काम झालं’ म्हणायचा. एक इशारा नोंदवलेला असायचा, पण तो मागून घेतल्याशिवाय समोर यायचा नाही. नाव पुसलं गेलं आणि पोचपावती मात्र मिळाली. अक्षरं नुसती विस्कटली असती तर ती परत जुळवता आली असती. प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही. 2015 मध्ये आलेल्या 5.7 या आवृत्तीपासून हा डेटाबेस मुळातच कडक शिस्तीत चालू लागला, म्हणजे न मावणारी अक्षरं आली की काम अडवून तक्रार करू लागला. काम अडलं म्हणून माणसं वैतागली असतील, पण त्यांच्या नोंदी वाचल्या.

सर्व्हरमध्येही असंच होतं. अ‍ॅपॅची टॉमकॅट नावाच्या सर्व्हरच्या सातव्या आवृत्तीपर्यंत वेबपत्त्यातून आलेला मजकूर मुळात लॅटिन-1 समजून वाचला जायचा. शोधाच्या चौकटीत ‘रावेर’ लिहिलं की यूटीएफ-8 या, सगळ्या भाषांच्या अक्षरांना पुरणाऱ्या पद्धतीने त्याचे 15 बाइट होतात, आणि सर्व्हरला ती 15 परकी अक्षरं वाटायची. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीत, 2014 साली, हा समज बदलला. टॉमकॅट ज्या जावा भाषेत लिहिला आहे, तिच्या पोटात तर 1996 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकत्र अक्षरसंच, आहे. पण फाइल वाचताना ती यंत्रावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कल बघायची, आणि विंडोजवर तो कल बहुतेकदा युरोपीय अक्षरांकडे असायचा. मार्च 2022 मध्ये जावाची अठरावी आवृत्ती आली, तेव्हा यूटीएफ-8 हीच मूळ पद्धत ठरली.

ही सालं एका ओळीत मांडते. यूटीएफ-8 केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली आखली. टॉमकॅटने ती मूळ धरली 2014 मध्ये, मायएसक्यूएलने 2018 मध्ये, जावाने 2022 मध्ये. मधल्या बावीस ते तीस वर्षांत मराठीत काम करता येत नव्हतं असं नाही. टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एक छोटी सूचना लिहिली की काम व्हायचं. पण अशी सूचना असते, ती अमुक फाइलमध्ये अमुक जागी लिहायची असते, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्याला सांगणारं कुणी भेटलं नाही त्याने ठरवलं की संगणकावर मराठी चालत नाही, आणि नोंदी इंग्रजी अक्षरांत करायला घेतल्या. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी दुकानांत, पतपेढ्यांत, शाळांत नावं आजही रोमन अक्षरांत लिहिली जातात. त्यामागे सवय आहे, की-बोर्डची अडचण आहे, पण अशा न सांगितलेल्या सूचनांचाही मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

आता अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय ते सांगते.

लग्नसराईत आपण मंगल कार्यालय घेतो. ज्याच्या घरचं लग्न आहे त्याला हॉल बांधावा लागत नाही, पाण्याची टाकी बसवावी लागत नाही. विधी त्याचे, पाहुणे त्याचे, वरण-बट्टीचा बेत त्याचा. जागा, वीज, पाणी, भांडी, दारावरचा माणूस हे सगळं कार्यालयाचं. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर हे असं कार्यालय आहे. तुम्ही केळीच्या भरणीच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिलात, तर तो प्रोग्रॅम म्हणजे लग्न. बाहेरून येणाऱ्या मागण्या आत घेणं, त्यांना रांगेत बसवणं, डेटाबेसशी गाठ घालून देणं, उत्तर परत पोचवणं, हे सर्व्हर करतो. टॉमकॅट, जेटी, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश ही अशा कार्यालयांची नावं आहेत. चारही मुक्त स्रोत आहेत.

कार्यालय चालवणाऱ्याला काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. वाढपी किती? आत माणसं किती बसतील? दाराबाहेर किती जणांना थांबवायचं? टॉमकॅटमध्ये तुम्ही काहीच ठरवलं नाहीत तर वाढपी 200 असतात, बाहेरच्या रांगेला जागा 100 जणांची असते, आणि हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये आत 8192 जोडण्या मावतात. हे आकडे म्हणजे डिफॉल्ट, न सांगता धरून चाललेली गोष्ट. ते बदलणं म्हणजे कॉन्फिगरेशन. एवढं कळलं की बाकी सगळा विषय व्यवहाराचा आहे.

कॉलेजात असताना मी पहिल्यांदा असा सर्व्हर बसवायला घेतला. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या काळात बहुतेकांची तीच तऱ्हा होती. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी एका चिन्हावर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद झाली. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. सर्व्हर मला काहीतरी सांगत होता, पण ते वाचेपर्यंत खिडकी टिकत नव्हती. लॅबमध्ये आम्ही चाळीस मुलं आणि समजावणारे सर एकटे. तिसऱ्या दिवशी एका सीनियर मुलाने दाखवलं की खिडकी आधी हाताने उघडायची आणि त्यात आज्ञा टाइप करायची, म्हणजे संदेश टिकतो. संदेश एवढाच होता की जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मला सांगितलेलं नाही. तीन दिवसांत वर्गातल्या सहा-सात मुलांनी त्या विषयाचा नाद सोडला. त्यातली दोघं माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आजही खात्रीने सांगते. ती मुलं कमी पडली नव्हती. खिडकी बंद झाली होती.

मुक्त स्रोताचा परवाना आपल्याला वापरायची, वाचायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक देतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. पण परवान्याने दिलेली मोकळीक कॉन्फिगरेशनच्या फाइलपाशी येऊन अडते. ज्याला ती फाइल कळते त्याच्यासाठी सॉफ्टवेअर फुकट आहे. ज्याला कळत नाही त्याला जाणकार माणूस पैसे देऊन आणावा लागतो, नाहीतर ते शिकण्यासाठी पुणं गाठावं लागतं. मी पुणं गाठलं.

त्या फाइली अशा का झाल्या, याला इतिहास आहे. टॉमकॅटचं मूळ सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलं आणि 1999 साली ते अ‍ॅपॅची फाउंडेशनला दिलं गेलं. एक्सएमएल ही मांडणीची पद्धत 1998 साली प्रमाण ठरली होती आणि तिची नवलाई होती. जिकडेतिकडे कॉन्फिगरेशन एक्सएमएलमध्ये लिहिलं जाऊ लागलं. यंत्राला ती सोपी, माणसाला मात्र कंसांचं रान. डेव्हिडसन यांनीच टॉमकॅट बांधण्यासाठी अँट हे अवजार केलं होतं. पुढे त्यांनी उघड लिहिलं की आज जे कळतं ते तेव्हा कळलं असतं, तर अँटसाठी आपण एक्सएमएल घेतलं नसतं. आपल्या हातून झालेल्या गोष्टीबद्दल असं जाहीर लिहिणारा माणूस मला मोठा वाटतो.

टॉमकॅटच्या माहितीपुस्तकात एक गमतीशीर नव्हे, बोलकी नोंद आहे. जोडणी केल्यावर मागणी यायची वाट सर्व्हरने किती वेळ बघावी? पुस्तक म्हणतं, डिफॉल्ट 60 सेकंद. आणि लगेच पुढे म्हणतं, पण सोबत दिलेल्या फाइलमध्ये ही मुदत 20 सेकंद लिहिलेली आहे. म्हणजे फाइलमधली ती सूचना खोडली की मुदत तिप्पट होते. शिकाऊ मुलगा ‘नको असलेलं’ म्हणून ती काढून टाकतो आणि सर्व्हर वेगळा वागू लागतो. पुस्तकाने हे प्रामाणिकपणे लिहिलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण जी गोष्ट समजावण्यासाठी तळटीप द्यावी लागते, ती गोष्टच सरळ करता येईल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

असे खटके, म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या बदलता येणाऱ्या सूचना, वाढतात कसे? एका वापरणाऱ्याला एक सोय हवी असते, दुसऱ्याला तिच्या उलट. वाद मिटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही ठेवायचं आणि एक खटका द्यायचा. गनोम या मुक्त प्रकल्पात काम करणारे हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2002 च्या सुमारास मांडलं होतं की प्रत्येक पर्यायाची किंमत कुणीतरी मोजत असतं, कारण पर्याय जितके जास्त तितकी हवी ती गोष्ट सापडणं अवघड. 2015 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हर सॉफ्टवेअरची कॉन्फिगरेशनं तपासली. बहुसंख्य वापरणारे मोजकेच खटके हलवतात आणि बाकीच्या पुष्कळ खटक्यांना जवळजवळ कुणीच हात लावत नाही, असं त्यांना दिसलं. तरीही ते सगळे खटके नवख्या माणसासमोर एकाच ओळीत उभे असतात.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. आमचे नाना, म्हणजे माझे काका, मृगबागेला रात्रीचं पाणी द्यायचे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की थंडीवाऱ्यात मोटार चालू करायला जावं लागायचं. मग त्यांनी मोटारीला ऑटो बसवला. वीज आली की मोटार आपली आपण सुरू. नानांची झोप वाचली, विंचूकाट्याची भीती गेली. सोय चांगलीच होती. पण शिवारातल्या प्रत्येकाने ऑटो बसवला, तेव्हा वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठायला लागल्या आणि डीपी जळायला लागली. म्हणून महावितरण सांगत असतं की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा.

डिफॉल्टचंही असंच आहे. एका यंत्रावरचा डिफॉल्ट ही त्या घरापुरती गोष्ट असते. तोच डिफॉल्ट लाखो यंत्रांवर असला की तो सगळ्या शिवाराचा प्रश्न होतो. टॉमकॅटला समोरच्या मुख्य दाराखेरीज एक बगलेचं दार होतं, 8009 क्रमांकाचं. शेजारच्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी ते ठेवलं होतं. तिथून येणारा घरचाच आहे असं धरून त्याच्यावर जास्त विश्वास टाकला जायचा. बहुतेकांना त्या दाराची गरज नव्हती, तरी ते वर्षानुवर्षं मुळातच उघडं असायचं. फेब्रुवारी 2020 मध्ये चीनमधल्या चैतिन टेक या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की या दारातून शिरून आतल्या फाइली वाचता येतात. त्या दोषाला घोस्टकॅट असं नाव पडलं. 9.0.31 या आवृत्तीपासून ते दार मुळातच बंद असतं, आणि उघडायचं तर परवलीचा शब्द ठरवावा लागतो.

अशी आणखी दोन उदाहरणं आहेत. 2009 साली उघड झालं की टॉमकॅटचं विंडोजवरचं इन्स्टॉलर व्यवस्थापकाचा पासवर्ड मुळात कोराच ठेवत होतं. जेबॉस या दुसऱ्या सर्व्हरच्या व्यवस्थापन खिडकीतला दोष एप्रिल 2010 मध्ये दुरुस्त झाला होता, तरी ऑक्टोबर 2011 मध्ये एक कृमी, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, न सुधारलेली यंत्रं शोधत फिरत होता. अशा वेळी तज्ज्ञ मंडळी म्हणतात की वापरणाऱ्याने पुस्तक वाचायला हवं होतं. मला हे पटत नाही. दार कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने कडी लावली नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. दार लावूनच द्यायला हवं, आणि ज्याला उघडायचं आहे त्याच्याकडून ते उघडताना विचारपूर्वक एक पाऊल टाकून घ्यायला हवं. ग्लासफिशने हे चांगलं साधलं होतं. त्याच यंत्रावर बसून शिकणाऱ्याला पासवर्डशिवाय काम करता यायचं, पण बाहेरून व्यवस्थापन खुलं करायला गेलात की आधी पासवर्ड ठरवा असं तो बजावायचा. शिकणाराही अडला नाही आणि घरही उघडं राहिलं नाही.

सुधारणा होते, आणि ती कशी होते हे बघण्यासारखं आहे. जेबॉसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कॉन्फिगरेशन पुष्कळ फाइलींत विखुरलेलं होतं. जुलै 2011 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत ते एका ठिकाणी आणलं गेलं. पडद्यावरून बदल करा, आज्ञा देऊन करा किंवा फाइलमध्ये करा, तिन्ही वाटा एकाच फाइलीशी येतात, आणि आधीच्या फाइलींच्या प्रती इतिहास म्हणून जपल्या जातात. चुकलं तर मागे जाता येतं. मागे जाता येतं हे माहीत असलं की माणूस न घाबरता हात घालतो. शिकण्यासाठी यापेक्षा मोठी सोय नाही. हाच सर्व्हर पुढे वाइल्डफ्लाय झाला. 2006 साली तो रेड हॅटकडे गेला, आणि रेड हॅटचं मोठं केंद्र पुण्यात आहे.

स्प्रिंग बूट हे जावातलं अवजार 2014 साली आलं तेव्हा त्याने टॉमकॅट प्रोग्रॅमच्या पोटातच घातला. कंसांच्या रानाऐवजी साध्या ओळींची एक छोटी फाइल आली. मला त्याहून आवडला तो त्याचा चूक झाल्याचा संदेश देण्याचा ढंग. 8080 क्रमांकाचं मुख्य दार दुसऱ्या कुणी अडवलेलं असलं की जुने सर्व्हर पन्नास-साठ ओळींचा पाल्हाळ छापायचे आणि खरी गोष्ट मध्येच कुठेतरी दडलेली असायची. स्प्रिंग बूट आधी सांगतं की सर्व्हर सुरू झाला नाही, 8080 दुसऱ्याच्या ताब्यात आहे. मग सांगतं की करायचं काय : तो दुसरा प्रोग्रॅम शोधून थांबवा किंवा आपल्याला दुसरं दार द्या. काय झालं आणि आता काय करायचं. गावचा चांगला डॉक्टर याच क्रमाने बोलतो.

एनजिन्एक्स या सर्व्हरमध्ये कॉन्फिगरेशन लागू करण्याआधी तपासून बघायची एक छोटी आज्ञा आहे. चूक कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत आहे ते ती सांगते, आणि चालू सर्व्हरला धक्का लागत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने डिसेंबर 2015 पासून सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र सर्वांना फुकट आणि आपोआप मिळायची सोय केली. त्याआधी टॉमकॅटवर ते प्रमाणपत्र बसवणं हे एक वेगळं शास्त्र होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलं आहे. ऋषभ मेहता हे मुंबईचे. घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी हिशेब, माल, विक्री हे सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवण्याच्या खटपटीत त्यांनी ते स्वतःच लिहायला घेतलं. 2008 साली फ्रॅपे ही कंपनी मुंबईत सुरू झाली आणि त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. ते मुक्त स्रोत आहे आणि जगभर वापरलं जातं. त्याची मला भावलेली गोष्ट ही की त्यातलं बरंचसं कॉन्फिगरेशन फाइलीत नाही, पडद्यावर आहे. केळीच्या व्यापाऱ्याला पावतीवर ‘घडांची संख्या’ असा रकाना हवा असेल, तर तो प्रोग्रॅमरला न बोलावता रकाना वाढवू शकतो. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आधी स्वतः दुकानात बसलेला होता, त्याचा हा परिणाम आहे असं मला वाटतं.

पण त्यांनाही बसवणीचा डोंगर चुकला नाही. ईआरपीनेक्स्ट आपल्या यंत्रावर बसवायचं म्हणजे पायथन, मारियाडीबी, रेडिस, नोड, एनजिन्एक्स, सुपरवायझर एवढी मंडळी एकत्र नांदवायची. त्यासाठी त्यांनी ‘बेंच’ नावाचं अवजार केलं, पुढे सगळं एका आज्ञेत उभं करणारी स्क्रिप्ट दिली, आणि बसवायचंच नसेल त्यांच्यासाठी फ्रॅपे क्लाउड सुरू केलं. मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलचीच भावकी. बेंचने हाताने बसवणी करण्याच्या सूचनांमध्ये वर्षानुवर्षं एक पायरी होती : मारियाडीबीची फाइल उघडा आणि अक्षरसंच यूटीएफ-8 करा. आपली पाच प्रश्नचिन्हं इथेही दाराशी उभी होती. फ्रॅपेने ती पायरी सूचनांमध्ये ठळक लिहिली म्हणून कितीतरी मराठी, गुजराती, तमिळ नावं वाचली.

मग एवढं कळूनही सॉफ्टवेअर अवघड का राहतं? नानांच्या शेतात ठिबक बसवलं तेव्हा बसवणारा माणूस दोन दिवस बांधावर उभा होता. फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, कुठली नळी आधी गाळाने भरते, कुठला व्हॉल्व्ह हाताला जड जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वेळी येताना त्याने व्हॉल्व्हची जागा बदललेली होती. सर्व्हर लिहिणाऱ्याला आपला बांध दिसत नाही. तो कुठेतरी दूर, नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतो. त्याला स्वतःची फाइल पाठ आहे, म्हणून ती अवघड आहे हे त्याला जाणवतच नाही. एखादी गोष्ट एकदा कळली की ती न कळण्याची अवस्था आठवत नाही. मीसुद्धा ती काळी खिडकी सोडली तर पहिल्या महिन्यातलं सारं विसरले आहे.

म्हणून नवख्या माणसाकडे एक अशी गोष्ट असते जी जाणकाराकडे उरलेली नसते : आपण नेमके कुठे अडलो याची ताजी आठवण. ती फार तर पंधरा दिवस टिकते. एकदा जमलं की आपण ती विसरतो, आणि वर नव्या मुलाला सांगतो की अरे, सोपं आहे. या सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या मुलामुलींनो, तुमच्याकडे ती आठवण आज आहे. कोड लिहिता येत नाही म्हणून या कामात आपला उपयोग नाही, असं समजू नका.

मराठीत संदेश असावेत का, असं मला नेहमी विचारतात. असावेत. टॉमकॅटचे संदेश फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी अशा भाषांत स्वयंसेवकांनी नेले आहेत, आणि मराठीचं काम हाती घेणाऱ्याला मी मदत करीन. पण माझा क्रम असा आहे : आधी मूळ संदेश स्वच्छ व्हावा, मग त्याचं भाषांतर व्हावं. गोंधळलेल्या वाक्याचं मराठी केलं तर गोंधळ मराठीत येतो, एवढंच. आणि संदेशाला क्रमांक असावा. वाइल्डफ्लायच्या संदेशांना असे क्रमांक असतात. भाषा कुठलीही असो, क्रमांक तोच राहतो, आणि तो सांगितला की जगात कुठेही बसलेला माणूस मदत करू शकतो.

केंद्र सरकारने 2015 साली सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती देण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्या दाखल्यांची, उताऱ्यांची, निकालांची कामं दिवसेंदिवस अशाच सर्व्हरांवर जाणार आहेत. ते सर्व्हर सांभाळायला तालुक्यात माणूस असावा, आणि त्याला प्रत्येक वेळी जळगावला किंवा पुण्याला फोन करावा लागू नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

कॉलेजातल्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. सर्व्हर बसवण्याचं प्रात्यक्षिक घेता तेव्हा बसवलं की गुण, एवढ्यावर थांबू नका. मुलाला वही द्या आणि सांगा की जिथे अडशील तिथे लिही. पडद्यावर काय आलं, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय निघालं, तीन रकाने. न बसलेल्या सर्व्हरची वही नीट लिहिली असेल, तर तिलाही पूर्ण गुण द्या.

आणि मुलांनो, ती वही लॅबच्या कपाटात ठेवू नका. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, ईआरपीनेक्स्ट, सगळ्यांच्या तक्रारवह्या सर्वांसाठी उघड्या आहेत, फी नाही, शिफारस लागत नाही. आधी कुणी तेच लिहिलं आहे का ते बघा, नसेल तर लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, तीन रकाने मात्र खरे असू द्या. उत्तर यायला वेळ लागेल, कधी पहिलं उत्तर रूक्ष असेल, तरी सोडू नका. आणि नमुन्याची नोंद द्याल तेव्हा तिथे गावाचं नाव रोमन अक्षरांत लिहू नका. ‘रावेर’ असं देवनागरीत लिहा, म्हणजे ते कुठे तुटतं हे त्यांना तिकडे बसून दिसेल.